जुन्या गाड्यांच्या डीलरकडे दडलेली दुर्मिळ गाडी कशी शोधायची? (मला बलेनो अल्टुरा हवीय)

आडवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मला मारुती बलेनो अल्टुरा घ्यायचीय. आत्ताची हॅचबॅक बलेनो नव्हे हं, २००० नंतरची ती लांब पाठीची स्टेशन वॅगन, १.६ पेट्रोल. साताऱ्यात आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे होती, त्यांचे दोन लॅब्रडॉर मागच्या काचेतून रस्ता बघत बसायचे. तेव्हापासून ती गाडी डोक्यात बसलीय ती बसलीच.

गेले आठ महिने शोधतोय. ॲपवर बलेनो टाकलं की नव्या बलेनोच्या शेकडो जाहिराती येतात, जुनी सापडली तर ती सेदान निघते. सातारा ते कोल्हापूर हायवेवरचे जवळपास सगळे डीलर पालथे घातले, सगळीकडे तेच, पुढच्या रांगेत स्विफ्ट, अर्टिगा, क्रेटा. "काही वेगळं आहे का हो?" म्हटलं की सनरूफवाली दाखवतात. बजेट दीड लाख, त्यावर दुरुस्तीला पन्नासेक हजार वेगळे ठेवलेत.

तर प्रश्न असा, की अशा गाड्या जातात कुठे? तुमच्यापैकी कुणाला डीलरकडे अशी अडगळीतली गाडी मिळालीय का, आणि मिळाली तर कशी? फक्त अल्टुराबद्दलच लिहा असं नाही, कुठल्याही गाडीचा अनुभव चालेल.

शेंगदाणालाडू
अल्टुरा गेल्या वर्षी फलटणला एका लग्नात बघितली. नवरदेवाची गाडी होती, नंबर प्लेटवर झेंडूची माळ, त्यामुळे नंबर काही दिसला नाही. पण जिवंत आहे एवढं नक्की.

डीलर_कराडचा
आडवाट साहेब, माझा स्वतःचा हाच धंदा आहे, १६ वर्षं झाली, म्हणून आतलं सांगतो.

पुढच्या रांगेत आम्ही तीच गाडी लावतो जी पंधरा दिवसात उठेल. तुमच्यासारखी गाडी आमच्याकडे कधी हौसेने येत नाही, ती एक्सचेंजला येते. मुलगा नवीन एसयूव्ही घेतो आणि वडलांची जुनी गाडी देऊन टाकतो. आम्ही भाव पाडून घेतो, कारण विकायची कुणाला हेच माहीत नसतं. मग ती शेडच्या मागे जाते, बॅटरी उतरते, टायर बसतो, वर कबुतरं. दोनतीन महिन्यांनी एक दलाल येतो आणि चार गाड्यांच्या लॉटमध्ये तीही घेऊन जातो. बऱ्याचदा तिथून पुढे भंगारच.

म्हणून "काही वेगळं आहे का" असं विचारूच नका. गाडीचं नाव सांगा आणि मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो पाठवा. आमच्याकडे गाड्या धुणारी, हलवणारी पोरं २०-२२ वर्षांची आहेत, त्यांनी अल्टुरा हे नावच ऐकलेलं नाही, पण फोटो बघितला की "ही त्या अमक्याकडे मागे उभी आहे" हे तेच सांगतात. मालकापेक्षा त्या पोराला जास्त माहीत असतं, त्याच्याशी दोन शब्द नीट बोला, चहा पाजा.

आणि एक विनंती. माझ्या डायरीत असे शोधणारे खूप जण लिहून ठेवलेत. गाडी आली की मी फोन करतो, तर दहातले नऊ जण "बघतो, रविवारी येतो" म्हणतात आणि येत नाहीत. जो पहिल्याच दिवशी येऊन इसार देतो, त्यालाच आम्ही पुढच्या वेळी आधी फोन करतो.

आडवाट
दादा, शंभर नंबरी माहिती दिलीत. फोटोचं खरंच सुचलं नव्हतं. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

उद्यमनगरी
डीलर भाऊंनी बरोबर सांगितलंय. माझी फियाट पॅलिओ १.६ अशीच घावली, गडहिंग्लजच्या रस्त्याला एका डीलरच्या मागच्या पत्र्याच्या शेडात, शेजारी पेंडीची पोती रचलेली आणि गाडीच्या टपावर मांजर झोपलेलं.

पण ती मिळायच्या आधी फसता फसता वाचलो ते पण ऐका. पॅलिओची एस-१० म्हणून एक गाडी होती, सचिनच्या नावाने, ५०० च काढल्या होत्या, इंजिन १.६ चं. एका डीलरचा फोन आला, म्हणाला एस-१० आलीया लगेच या, मी रात्री गाडी काढून गेलो. रंग बरोबर, स्टिकर बरोबर, अलॉय बी बरोबर. मी म्हटलं आरसी बघू. आरसीवर सीसी किती? १२४२! म्हणजे साध्या १.२ ला स्टिकर मारून उभी केलेली. खऱ्या १.६ च्या आरसीवर १५९६ पाहिजे. त्यामुळं आपला नियम एकच, बॉनेट नंतर, आरसी आधी. सीसी, चेसिस नंबर, रंग, तिन्ही गाडीशी जुळवून बघायचं, तोवर चावी हातात घ्यायची नाही कारण एकदा बसला की जीव अडकतोय ओ.

पार्टचं म्हणाल तर आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश, पुली, ब्रॅकेट, काय पण लेथवर टर्न करून मिळतंय, नमुना नेऊन द्या फक्त. पण काच, रबरं, लाइटी आणि आतलं प्लास्टिक कुणी बनवून देत नाही. तेवढं शाबूत असलेली गाडी घ्या, इंजिन खराब असलं तरी चालंल.

स्वाती_नाशिक
उद्यमनगरींचं शेवटचं वाक्य मला अर्धंच पटलं. इंजिन कुठलं यावर आहे ते. माझ्याकडे शेवर्ले फॉरेस्टर आहे, म्हणजे मुळातली सुबारू, जपानहून आलेली, २ लिटर बॉक्सर इंजिन आणि चारही चाकांना ताकद. सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे इथल्या फिटरने बॉनेट उघडलं की आधी पाच मिनिटं नुसता बघत राहतो. ते इंजिन खराब असतं तर मी हातही लावला नसता. शेवर्लेने २०१७ च्या शेवटी इथली विक्रीच बंद केली, आणि फॉरेस्टर तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. टायमिंग बेल्ट, पुली, गॅस्केट सगळं मी बाहेरून मागवते. तरी सांगते, पावसात त्र्यंबकच्या पुढे घाटात ती ज्या पद्धतीने रस्ता धरते ना, त्यासाठी सगळं कबूल.

आता डीलरकडे जाताना मी काय करते ते. पहिल्यांदा गेले तेव्हा डीलर सगळी उत्तरं माझ्या भावाकडे बघून देत होता, प्रश्न मी विचारतेय तरी. मग मी टॉर्च काढला, ओढणी कमरेला बांधली आणि गाडीखाली गेले. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलायला लागला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुराची गाडी ओळखा. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चा चिपळूण-महाडचा, त्यातल्या गाड्या धुऊन पुसून लांबच्या गावी विकायला गेल्या. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, सुगंधी बाटली लावलेली. तुम्ही फक्त सीटबेल्ट पकडा आणि शेवटपर्यंत ओढा, अगदी पुढे येईना इतका. रोज आपण हातभर पट्टाच वापरतो, बाकीचा आत गुंडाळलेला राहतो, आणि तो धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मी एक होंडा सीआर-व्ही बघायला गेले होते, पट्टा ओढला तर शेवटची वीत मातकट पिवळी, एका सरळ रेषेत, पाणी जिथवर चढलं तिथवर. बोटाने चोळलं तर बारीक गाळ हाताला लागला. मी पट्टा तसाच लोंबता सोडून निघून आले.

शेंगदाणालाडू
सीटबेल्टची युक्ती वाचून आत्ता पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीचा ओढून आलो. स्वच्छ आहे!

ठाकुर्लीकर
स्वातीताई, तुमचं वाचून माझे दिवस आठवले. माझ्याकडे प्यूजो ३०९ डिझेल होती. आमच्या कल्याणातच बनायची, प्रीमियर आणि प्यूजोचा एकत्र कारखाना, १९९४ ला गाडी आली आणि १९९७ ला फ्रेंच लोक निघूनही गेले. मी घेतली ती २००१ मध्ये, डोंबिवलीच्या एका डीलरकडून, अगदी कवडीमोलाने, कारण सगळे म्हणत होते पार्ट मिळणार नाहीत.

पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली नव्हती. मारुतीने झेन डिझेल आणि एस्टीम डिझेल काढली त्यात इंजिन प्यूजोचंच होतं, १५२७ सीसी, टीयूडी ५. माझ्या ३०९ मध्ये तेच. त्यामुळे इंजिनाचे बरेचसे पार्ट मी झेन डिझेलचे म्हणून कुर्ल्याच्या बाजारातून आणायचो, आणि तिने मला अकरा वर्षं साथ दिली. सस्पेन्शन तर असं की खड्ड्यातून गेल्यावर मागे बसलेली माणसं बोलणं न थांबवता बोलत राहायची. शेवटी हार मानली ती विंडस्क्रीनमुळे. एसटीच्या चाकाखालून दगड उडाला, काच गेली आणि दुसरी मिळालीच नाही.

आडवाट, तर सांगायचं हे की दुर्मिळ गाडी घेण्याआधी तिची भावकी शोधा. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक अजून कुठल्या गाडीत बसलेत ते काढा.

घाटमाथा
काकांना +१. टाटा सिएराचंच उदाहरण घ्या. इंजिन सुमोचं, खालचा सांगाडा टाटाच्या पिकअपचा, कुठल्याही तालुक्याला दुरुस्त होते. पण मागची ती वर छतात वळलेली मोठी काच, तिला भावकीच नाही. १९९१ ला आली तेव्हा त्या काचेसाठीच लोक वळून बघायचे आणि आज त्याच काचेसाठी गाड्या उभ्या आहेत. २०२५ ला नवीन सिएरा आल्यापासून जुनीचे भाव तर डीलर मनाला येईल ते सांगतायत.

मांडवीकाठ
थोडं अवांतर. आमच्या गोव्यात वेर्ण्याला सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची उघड्या टपाची गाडी बनायची, किती जणांना माहितीय? रेनॉचं ११४९ सीसी इंजिन आणि फायबरची बॉडी. आमच्या खाऱ्या हवेत पत्र्याच्या गाड्यांचे दरवाजे खालून पापडासारखे होतात, हिची बॉडी मात्र तशीच्या तशी. पण बॉडीला भुलू नका, खालची चौकट लोखंडीच असते. किनाऱ्यावरची कुठलीही गाडी घेताना लिफ्टवर चढवून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर हात जोडायचे आणि घरी यायचं.

रेवदंडा_रोड
मांडवीकाठ, गोव्याची स्टॉर्म तर आमच्या अलिबागची चिंकारा! दोन सीटांची रोडस्टर, इंजिन जुन्या काँटेसा गाडीचं १.८ इसुझू. ठाकुर्लीकर काका म्हणतात ती भावकी हीच.

नाक्यावरचा
सगळ्यांचं वाचलं, पण मी वेगळं बोलणार. १० चं ॲव्हरेज देणारी, पार्टसाठी चार महिने उभी राहणारी गाडी रोजच्या माणसाने कशाला घ्यावी? दोन लाखांत धडधाकट वॅगनआर येते, कुटुंबाला घेऊन बिनघोर फिरा. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की त्रास घरच्यांना होतो, हे कुणी लिहीत नाही.

आडवाट
नाक्यावरचा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि म्हणूनच घरात रोजची स्विफ्ट राहणारच आहे. अल्टुरा रविवारची. पण "कशाला" याचं उत्तर देतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी हजारोंनी होत्या तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली तेव्हा लोक फोटो काढायला धावले. मला अल्टुराचा फोटो काढायला धावायचं नाहीये, ती चालवायचीय. ती आपल्याच देशात बनली, फार खपली नाही, आणि आता कुणी सांभाळली नाही तर दहा वर्षांत एकही उरणार नाही.

चारचाकी_वकील
भावना ठीक, आता कागद बघू. अशा गाड्यांमध्ये इंजिनापेक्षा कागदच जास्त बिघडलेले असतात.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्याला गाडी आरटीओत नेऊन तपासणी. २० वर्षांपुढच्या कारची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने १०,००० केलीय, वर आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. तुमची अल्टुरा या वयात येणारच, म्हणजे भाव ठरवताना हे धरा. नूतनीकरण कोण करून देणार, डीलर की तुम्ही, ते इसाराच्या पावतीवर लिहून घ्या.

दुसरं, आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज फिटून वीस वर्षं झालेली असतात पण नाव कुणी काढलेलं नसतं, आणि कधीकधी ती बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. तिथे फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. मूळ मालक वारला असेल तर नेहमीच्या मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर भागत नाही, आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी आणायची. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका, दिल्लीच्या स्वस्त गाड्यांच्या बाबतीत तर नाहीच नाही. इथे आल्यावर महाराष्ट्राचा कर परत भरावा लागतो, ती स्वस्ताई तिथेच संपते.

आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे, मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची नोंद फॉर्म २९सी वर होते. डीलरला हे जरूर विचारा.

डीलर_कराडचा
वकील साहेबांनी सांगितलं ते खरं आहे. आम्ही अधिकारपत्र घेतलंय. त्याचा फायदा आम्हालाच, नाहीतर विकून झालेल्या गाडीचं चलन जुन्या मालकाला जातं आणि तो भांडायला आमच्या दारात.

नागोया_नाना
उशिरा येतोय, इकडे रात्र होती. इथे जपानमध्ये वापरलेल्या गाडीला लिलावाचा कागद मिळतो, त्यावर गाडीचं चित्र आणि प्रत्येक पत्र्यावर खुणा. ए-१ म्हणजे बारीक ओरखडा, यू म्हणजे पोचा, आणि ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातातून दुरुस्त केलेली. परवाच एका डीलरकडे ऑटोझॅम एझेड-१ बघितली, ६६० सीसीची इवलीशी गाडी आणि दरवाजे पंखांसारखे वर उघडणारे. कागदावर अकरा खुणा होत्या, मी गाडीभोवती फिरून अकराही मोजल्या.

पण लिहायचं कारण वेगळं. आडवाट, तुमची अल्टुरा इथे कल्टस वॅगन नावाने विकली गेली. स्टिअरिंगही उजवीकडेच. पुढचं अंग, इंजिन वगैरे तुम्हाला तिकडच्या बलेनो सेदानवरून मिळेल, अडचण येणार ती मागच्या दरवाजाच्याही मागे, म्हणजे टेललाइट, मागची काच, डिकीचे शॉकअप. ते इथे भंगारवाल्यांकडे, काइताइ-या म्हणतात त्यांना, अधूनमधून दिसतं. काही लागलं तर कळवा.

ठाकुर्लीकर
बघा, भावकी जपानात सापडली!

आडवाट
मंडळी, दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

कराडच्या दादांनी माझा फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला होता. गुरुवारी मिरजेच्या एका डीलरकडच्या गाड्या धुणाऱ्या मुलाने त्याच फोटोखाली लिहिलं, "ही हाय आमच्याकडं." संध्याकाळी पोचलो. शेडच्या मागे, बाभळीखाली, चंदेरी अल्टुरा, २००३ ची, एमएच-१० पासिंग. छातीत धडधडत होतं खरं, पण उद्यमनगरींचा नियम पाळला, चावी नाकारली आणि आरसी मागितली. सीसी १५९०, चेसिस नंबर जुळला. नूतनीकरण २०२३ ला संपलंय. बोजा आहेच, आणि वकील साहेब, ती बँक खरोखरच दुसरीत विलीन झालेली निघाली.

मिरज म्हटल्यावर पुराचीच भीती होती. पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढले, स्वच्छ. मग स्टेपनी उचलली तर खाली पाणी आणि चिखल, पोटात गोळाच आला. बराच वेळ तिथे मान घालून बघितलं, तर वर डाव्या टेललाइटची काच फुटलीय, पाऊस तिथून आत उतरतोय आणि बाभळीची पानं आत कुजून चिखल झालाय. सीटच्या रेलला, गालिच्याखाली कुठेही गाळ नाही. मागची काच शाबूत, रबर शाबूत. दुसरी बॅटरी लावून चालू केली, ऑइलचं झाकण काढून बघितलं, धूर नाही.

एक लाख पाच हजारात ठरली, नूतनीकरण आणि बोजा डीलरने उतरवून द्यायचा, पावतीवर लिहून घेतलंय. १५ हजार इसार दिला. ज्या मुलाने कळवलं त्याला पहिली चक्कर मारून आणली, मागे बसून काचेतून बाहेर बघत होता.

नाना, डावा टेललाइट लागणार.

नागोया_नाना
वा! फुटलेल्या लाइटच्या मागे प्लास्टिकवर कोरलेला नंबर असेल, त्याचा फोटो पाठवा, तो जुळला तरच घेतो. शनिवारी भंगारवाल्याकडे जातोय. तिथे जोडी असली तर दोन्ही घेऊ का?

आडवाट
दोन्ही घ्या. डिकीचे शॉकअप दिसले तर तेपण. पत्ता व्यनि केलाय.

शेंगदाणालाडू
पुढच्या लग्नसराईत फलटणला घेऊन या, दोन अल्टुरा शेजारी शेजारी लावू. यावेळी माळ बाजूला करून नंबर लिहून घेतो.